जन्मतः गुदमरलेल्या बाळांच्या रक्ततपासणीबाबत सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी गेली अनेक वर्षे नवजात बालकांवर उपचार करते. काही दिवसांपूर्वी एका बाळाचे वडील मोबाइल पुढे धरून म्हणाले, "मॅडम, रक्तावरून मेंदूचं कळतंय म्हणे आता. ही टेस्ट आपल्याकडं होत नाही का? पैशाचं बघतो मी." त्यांचे बाळ जन्मल्यावर रडले नव्हते. १०८ च्या गाडीतून आमच्याकडे आले तेव्हा ते मलूल होते, दूध ओढत नव्हते, आणि रात्री सायकल चालवल्यासारखे पाय हलवू लागले. नवजात बाळांत झटके अनेकदा असेच दिसतात. सोबतच्या चिठ्ठीवर "बाळ रडले नाही, पुढील उपचारासाठी पाठवीत आहोत" एवढेच लिहिलेले होते. जन्माची वेळ नव्हती. त्या वडिलांना मी उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे होते आणि ते पूर्ण करणे माझ्या एकटीच्या हातात नाही, म्हणून हे पत्र.

प्रसूतीच्या आधी किंवा प्रसूतीदरम्यान बाळाच्या मेंदूला प्राणवायू आणि रक्त कमी पडले की होणाऱ्या इजेला आम्ही एचआयई म्हणतो. पहिल्या धक्क्यानंतर काही तास मेंदू सावरल्यासारखा वाटतो आणि मग इजेची दुसरी लाट येते. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या सहा तासांना महत्त्व आहे. या सहा तासांत इजा सौम्य, मध्यम की तीव्र, हे आजही आम्ही बाळाचा ताठपणा, शुद्ध, चोखणे आणि दचकणे पाहून, म्हणजे १९७६ साली मांडलेल्या सारनाट वर्गवारीच्या आधारे ठरवतो. तीव्र इजा कोणालाही ओळखू येते, पण सौम्य आणि मध्यम यांच्या सीमेवरच्या बाळाबाबत दोन अनुभवी डॉक्टरांचेही एकमत होत नाही. एमआरआय बरेच सांगतो, मात्र तो काही दिवसांनी आणि तोही जिथे यंत्र असेल तिथे.

रक्तातील बायोमार्करची, म्हणजे इजेची खूण देणाऱ्या घटकांची, आशा इथे निर्माण होते. मेंदूच्या पेशी फुटल्या की त्यांतील काही प्रथिने रक्तात उतरतात: तारकापेशींतून जीएफएपी, चेतापेशींतून यूसीएच-एल१, चेतातंतूंतून न्यूरोफिलामेंट लाइट. यांपैकी पहिल्या दोन प्रथिनांच्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२४ मध्ये तीच तपासणी रुग्णाच्या खाटेशेजारी करता येईल अशा स्वरूपात मंजूर झाली. परंतु ही मान्यता डोक्याला मार लागलेल्या प्रौढांसाठी आहे, नवजात बाळांसाठी नाही. त्यामुळे उद्या कोणी ही किट प्रत्येक एसएनसीयूसाठी, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षासाठी, खरेदी करावीत असा प्रस्ताव आपल्यापुढे ठेवला, तर त्यावर आपण सही करू नये, अशी माझी पहिली विनंती आहे. कोणत्या तासाला कोणता आकडा धोक्याचा, हे आपल्या बाळांसाठी ठरलेलेच नाही. यूसीएच-एल१ लवकर वाढून उतरते, न्यूरोफिलामेंट हळूहळू कित्येक दिवस चढत राहते. म्हणजे चिठ्ठीवर जन्माची वेळ नसेल तर महागड्या यंत्राने दिलेला आकडाही वाचता येणार नाही. एनएसई नावाचे आणखी एक प्रथिन तांबड्या पेशींतही असते. टाचेतून पिळून काढलेले रक्त नळीत गुलाबी झालेले आम्ही रोज पाहतो, आणि तसा नमुना मेंदूला काहीही झालेले नसताना एनएसई वाढलेले दाखवतो. शिवाय अडीच किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच सुमारे २०० मिलिलिटर असते. प्रत्येक नव्या चाचणीसाठी त्यातून आणखी एक-दोन मिलिलिटर काढताना माझा हात अडखळतो.

"आपल्या बाळांसाठी" हे शब्द मी अभिमानापोटी लिहिलेले नाहीत. बाळाला ७२ तास साडेतेहतीस अंशांच्या आसपास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत मृत्यू आणि अपंगत्व कमी करतो हे सिद्ध झाल्यावर आपल्याकडेही तो पसरू लागला. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर या उपचाराची 'हेलिक्स' ही चाचणी झाली. त्यांत मुंबईचे शीव रुग्णालयही होते. २०२१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा थंड केलेल्या गटात मृत्यू किंवा अपंगत्व ५० टक्के होते, न केलेल्या गटात ४७ टक्के. आणि निव्वळ मृत्यू पाहिले तर थंड केलेल्यांत ४२ टक्के, इतरांत ३१ टक्के. तिकडे तारणारा उपचार इथे जीवावर बेतला. त्याच संशोधकांनी २०२४ मध्ये बाळांच्या रक्तातील जनुकांची हालचाल तपासली, तेव्हा दक्षिण आशियातील बाळांत पोटात असताना आणि कळांच्या वेळी प्राणवायू पुन्हा पुन्हा, थोडा थोडा तुटल्याच्या खुणा आढळल्या, तर श्रीमंत देशांतील बाळांत एकाच मोठ्या आघाताच्या. अभ्यास लहान आहे, पण लेबर रूमबाहेर उभे राहून जे दिसते त्याच्याशी तो जुळतो: अशक्त आई, वाढ खुंटलेले बाळ, आणि पुढे पाठवण्यापूर्वी कळा वाढवण्यासाठी दिलेले इंजेक्शन, ज्याची नोंद चिठ्ठीवर क्वचितच असते. परदेशात ठरलेली बायोमार्करची सीमारेषा इथे तशीच लावली, तर थंड करण्याच्या उपचारात झालेली चूक आपण पुन्हा करू.

म्हणून माझी मुख्य मागणी यंत्राची नसून पाठपुराव्याची आहे. रक्तातील कोणताही आकडा खरा की खोटा, हे ते मूल दीड-दोन वर्षांचे झाल्यावर चालते का, बोलते का, त्याला दिसते-ऐकू येते का, यावरूनच ठरते; आणि आमच्या पाठपुरावा वहीत नेमके तेच रकाने कोरे आहेत. (उद्घाटनाची फीत यंत्राला बांधता येते, वहीला बांधता येत नाही, ही अडचण मी समजू शकते.) आमच्याकडची बाळे कुठे जातात हे मला ठाऊक आहे. दिवाळीनंतर आई-वडील कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, बाळ पाचटाच्या कोपीत वाढते, आणि तीन किंवा सहा महिन्यांच्या तपासणीची तारीख आमच्या कागदावरच राहते. आई-वडिलांचा मोबाइल नंबर बदलतो, मुकादमाचा बहुधा बदलत नाही. आमच्या परिचारिकेने हे ओळखून वहीत मुकादमाचा नंबर लिहायला सुरुवात केली, तेव्हापासून काही मुले आम्हाला पुन्हा दिसू लागली.

आशाताई तीन ते पंधरा महिन्यांच्या बाळांच्या घरी ठरलेल्या भेटी देतातच, मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार करणारे शीघ्र हस्तक्षेप केंद्रही जिल्ह्यात आहे. एसएनसीयूतून घरी गेलेल्या अशा प्रत्येक बाळाचे नाव या दोन्ही यादींत आपोआप जावे, स्थलांतर झाल्यास ते कारखान्याच्या गावातील आशाताईंकडे वळते व्हावे, आणि अठरा ते चोवीस महिन्यांच्या तपासणीसाठी पालकांना एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी मिळावी. त्याचबरोबर मोठ्या संख्येने प्रसूती होणाऱ्या दोन-तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, पालकांची लेखी संमती घेऊन, नाळेतील रक्ताचा नमुना उणे ८० अंशांवर जपून ठेवण्याची सोय व्हावी. हे रक्त आज आपण वारेबरोबर टाकून देतो, आणि ते घेण्यासाठी बाळाला सुई टोचावी लागत नाही. वैद्यकीय शिक्षण विभाग आपल्या खात्याबाहेर आहे याची मला कल्पना आहे, परंतु ही बाळे दोन्ही खात्यांच्या दारांतून जातात.

यातील एक गोष्ट मात्र निधी, समिती किंवा फ्रीजर यांपैकी कशाचीही वाट न पाहता एका परिपत्रकाने होऊ शकते: बाळाबरोबर येणारी चिठ्ठी राज्यभर एकसारखी करणे. तिचा एक पानी नमुना आम्ही आमच्यापुरता तयार केला असून तो या पत्रासोबत जोडला आहे. जन्माची वेळ हा त्यातील पहिला रकाना आहे आणि कळांचे इंजेक्शन दिले का, किती वाजता, हा दुसरा.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ, मराठवाडा