‘म्हणाला’ की ‘म्हणाले’? बातमीतले मत केवळ विशेषणांत शोधू नये

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानावर अलीकडे वस्तुनिष्ठ आणि व्यक्तिनिष्ठ भाषा कशी ओळखावी, या विषयावर एक टिपण प्रसिद्ध झाले. हा विषय मुलांपुढे ठेवल्याबद्दल मी आपली आभारी आहे. शाळेत मराठी शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या घरी दहा-बारा मुले मराठी वाचायला येतात. ती शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि छापील मराठी त्यांना बहुधा माझ्याकडच्या वर्तमानपत्रातच भेटते. ते टिपण मी त्यांच्याबरोबर वाचले. त्यातली मुख्य सूचना अशी होती की उताऱ्यातली विशेषणे अधोरेखित करावीत. जिथे विशेषण आहे तिथे लेखकाचे मत आहे आणि जिथे आकडा आहे तिथे वस्तुस्थिती आहे, असे समजावे. ही कसोटी लक्षात ठेवायला सोपी आहे, परंतु मराठीच्या बाबतीत ती मुलांना भलत्याच जागी शोधायला लावते, असे मला त्या सकाळी तीव्रतेने जाणवले.

आधी ‘वस्तुनिष्ठ’ या शब्दाविषयी. आमच्या मुलांना हा शब्द परीक्षेमुळे माहीत आहे. वस्तुनिष्ठ प्रश्न म्हणजे चार पर्यायांचा प्रश्न आणि त्यांपैकी एकच उत्तर बरोबर, एवढाच त्यांचा परिचय. त्यातून ‘वस्तुनिष्ठ म्हणजे खरे’ अशी समजूत नकळत तयार होते. ‘इंदूर नर्मदेच्या काठी वसले आहे’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिले, तेव्हा ते चूक आहे म्हणून वस्तुनिष्ठ नाही, असे बहुतेकांनी सांगितले. वास्तविक ते पूर्णपणे वस्तुनिष्ठ विधान आहे. नकाशा उघडून ते तपासता येते, आणि तपासल्यावर ते खोटे ठरते, कारण आपले शहर कान्ह आणि सरस्वती या नद्यांवर वसले आहे आणि नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून जलवाहिनीने येथे आणले जाते. उलट इथल्या होळकरांच्या राजवाड्याविषयी म्हटलेले ‘राजवाडा सुंदर आहे’ हे वाक्य खोटे ठरवण्याचा उपायच नाही. तेव्हा मुलांनी विचारायचा प्रश्न ‘हे खरे आहे का’ हा नसून ‘हे तपासायचे झाले तर कुठे जाऊन तपासता येईल’ हा आहे.

या प्रश्नापुढे विशेषणांची कसोटी लगेच अपुरी पडते. राजवाडा सातमजली आहे, त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. या वाक्यात विशेषणे भरपूर आहेत आणि मत एकही नाही. ‘इंदूर हे देशातले सर्वांत स्वच्छ शहर आहे’ हे वाक्य अभिमानाचे उद्गार वाटते. परंतु २०१७ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ४३४ शहरांत इंदूर पहिले आले आणि त्याच्या आदल्या वर्षी ते पंचविसावे होते, असे लिहिले की तीच गोष्ट तपासण्याजोगी होते. त्या सर्वेक्षणाचे निकष योग्य होते का, हा पुन्हा मताचा प्रश्न, आणि तोही विचारला पाहिजे.

आता आकड्यांकडे वळते. ‘शहरात काल ४० मिलिमीटर पाऊस झाला’, ‘शहरात काल तब्बल ४० मिलिमीटर पाऊस झाला’ आणि ‘शहरात काल अवघा ४० मिलिमीटर पाऊस झाला’, ही तीन वाक्ये मी मुलांना दिली. आकडा तिन्हींत एकच आहे. पहिले वाक्य पर्जन्यमापक बोलतो. दुसरे आणि तिसरे लिहिणारा माणूस बोलतो आणि आपण चकित व्हावे की निराश व्हावे, हे आधीच ठरवून देतो. ‘तब्बल’, ‘अवघे’, ‘जेमतेम’, ‘चक्क’ हे शब्द वर्तमानपत्राच्या मराठीत इतके रुळले आहेत की ते छापताना कुणाला मत मांडल्यासारखे वाटत नसेल. ‘अखेर’ या शब्दाचेही तसेच आहे. ‘अखेर रस्त्याची दुरुस्ती सुरू झाली’ या वाक्यात उशीर झाल्याची संपूर्ण तक्रार एका शब्दात येते. तक्रार रास्त असेलही, पण मग दुरुस्तीची तारीख काय ठरली होती ते बातमीने सांगितले पाहिजे.

क्रियापदांत तर याहून बारीक काम चालते. ‘समितीने मंजुरी दिली’, ‘समितीने मंजुरी देऊन टाकली’ आणि ‘समिती मंजुरी देऊन बसली’, या तिन्हींत घडलेली गोष्ट एकच. ‘टाकणे’ने निष्काळजी घाई सुचते आणि ‘बसणे’ने चूक झाल्याचा निवाडा होतो. बोलण्याची क्रियापदेही अशीच. एखाद्याने ‘सांगितले’, ‘दावा केला’, ‘कबूल केले’ किंवा ‘मुक्ताफळे उधळली’, यांपैकी काय लिहायचे हे ठरवताना लिहिणारा त्या माणसाच्या शब्दांवर आपला शिक्का उमटवतो. ‘कबूल केले’ म्हटले की ती गोष्ट खरी आणि आधी लपवलेली होती, हे वाचकाने न विचारता मान्य केलेले असते. आणि ‘म्हणे’ हा आपला दोन अक्षरी शब्द! ‘ते आजारी होते’ आणि ‘ते आजारी होते म्हणे’ यांतला फरक कुणाही मराठी मुलाला घरातच कळलेला असतो. तो व्याकरणाच्या तासाला मात्र कुणी दाखवत नाही. आपल्या साहित्यशास्त्राने अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा शब्दाच्या तीन शक्ती पूर्वीच सांगून ठेवल्या आहेत. बातमीतले मत पुष्कळदा व्यंजनेत, म्हणजे सुचवलेल्या अर्थात असते, आणि आपण ते अभिधेत, म्हणजे शब्दाच्या सरळ अर्थात शोधत राहतो.

दुसरा मुद्दा शब्दार्थांचा. शब्द वस्तुनिष्ठ किंवा व्यक्तिनिष्ठ असतो, असे म्हणणेच पुरेसे नेमके नाही. त्याचा एकेक अर्थ तसा असतो. ‘तिखट’ हा शब्द घ्या. ‘दोन चमचे तिखट घाला’ यात तिखट म्हणजे मिरचीची पूड, डब्यातली वस्तू. ‘भाजी तिखट झाली’ यात खाणाऱ्याची जीभ बोलते, आणि एकाच ताटावर बसलेल्या दोघांचे त्यावर एकमत होत नाही. ‘तिखट प्रतिक्रिया’ यात मिरची नाही आणि जीभही नाही, आहे ती केवळ ऐकणाऱ्याने केलेली पारख. मधला अर्थ मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेत विल्बर स्कोविल यांनी १९१२ साली केला. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पातळ केला म्हणजे चाखणाऱ्यांना तिखटपणा जाणवेनासा होतो, ते त्यांनी पाहिले. म्हणजे ते मापही सुरुवातीला जिभेवरच उभे होते. पुढे रासायनिक पृथक्करणाने ते यंत्राकडे गेले. मुलांना हे उदाहरण फार आवडले, कारण वस्तुनिष्ठ आणि व्यक्तिनिष्ठ यांच्यामधली रेघ सरकूही शकते, हे त्यातून दिसते.

संगणकाला भाषा शिकवणाऱ्यांनाही नेमकी हीच अडचण आली. जॅनिस वीब आणि रादा मिहाल्चा या अभ्यासकांनी २००६ साली शब्दांऐवजी शब्दांच्या एकेका अर्थाला व्यक्तिनिष्ठ किंवा वस्तुनिष्ठ अशी खूण करून पाहिली. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या माणसांचे अशा खुणांवर बऱ्याच प्रमाणात एकमत होते, असे त्यांना आढळले. मुंबईच्या आयआयटीत मराठीचे शब्दजाल तयार झाले आहे आणि त्यात शब्द अर्थागणिक वेगळे मांडलेले आहेत. त्याच धर्तीवर आमच्या मुलांनी ‘थंड’ या शब्दाचे अर्थ वहीत लिहिले: थंड पाणी, थंड प्रतिसाद, थंड डोक्याने केलेला विचार, थंड डोक्याने केलेला खून. शेवटच्या दोन नोंदींत ‘थंड डोके’ तेच आहे. एकीकडे ती स्तुती आहे आणि दुसरीकडे तिटकारा. कोशात हा फरक अर्थ म्हणून लिहिलेला असतो, पण शिकताना तो वाक्यातच सापडतो.

आपल्या शहरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांतून तो आमच्या मुलांना कधी कळणार नाही. इथली सरकारी पत्रके हिंदीत निघतात आणि मराठीत येताना त्यांतले कित्येक शब्द तसेच उतरतात. हिंदीत ‘यातायात’ म्हणजे वाहतूक, निर्विकार कार्यालयीन शब्द; मराठीत यातायात म्हणजे हालअपेष्टा. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत ‘आपत्ति’ नोंदवतात, म्हणजे हरकत घेतात. मराठीत आपत्ती कोसळते. उलट दिशेनेही हेच होते. आमच्या आजी ‘हिशेबात माझा घोटाळा झाला’ म्हणायच्या तेव्हा त्यांना गोंधळ, चूक एवढेच म्हणायचे असे, पण हिंदी बातम्यांवर वाढलेल्या नातवंडांना त्यात अफरातफर ऐकू येते. एका भाषेतला कोरडा शब्द दुसऱ्या भाषेत जाताच रागाचा किंवा उपहासाचा होतो, आणि अनुवाद करणाऱ्याच्या मनात तसे काहीच नसते. कारभाराचे शब्द भाषा ओलांडताना तोलावे लागतात, हे पूर्वीच्या लोकांनी ओळखले होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतल्या प्रशासकीय शब्दांचा कोश निघाला, तो याच गरजेतून. इंदूरच्या मराठी पत्रकारांसाठी तसे चार-दोन पानांचे टाचण जरी कुणी केले तरी केवढी सोय होईल.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले तिच्याकडे येते. त्या रविवारी मुलांनी एका अंकातल्या बातम्यांतली बोलण्याची सगळी क्रियापदे वेगळी काढली. पोलीस अधिकारी ‘म्हणाले’. नगरसेविका ‘म्हणाल्या’. डॉक्टर ‘म्हणाले’. अपघात पाहिलेला रिक्षाचालक ‘म्हणाला’. फेरीवाली ‘म्हणाली’. बांधकामावरचा मजूर ‘म्हणाला’. अपवाद एकही नव्हता. यादी फळ्यावर लिहून झाल्यावर एका मुलाने विचारले, “माझे आजोबा हातगाडीवर भाजी विकायचे. त्यांना कुणी विचारलं असतं तर पेपरात ‘म्हणाला’ छापलं असतं का?” मी त्याला काय उत्तर देणार होते? छापलेच असते.

मराठीत तिऱ्हाईत माणसाविषयी एक वाक्य लिहायचे तरी त्याला किती मान द्यायचा हे आधी ठरवावे लागते, कारण क्रियापदाचा शेवट त्यावर अवलंबून असतो. इंग्रजीत हा प्रश्न येत नाही. हिंदी बातमीत ‘ने कहा’ लिहून तो पुष्कळदा टळतो. आपल्याकडे ‘म्हणाला’ऐवजी ‘सांगितले’ लिहिले तर क्रियापद सारखे राहते, पण मान तेवढा विभक्तीत जाऊन बसतो: रिक्षाचालकाने सांगितले, अधिकाऱ्यांनी सांगितले. हे विशेषण नाही, की आकडा नाही. ‘मत ओळखा’ म्हणून सांगितलेल्या कुठल्याही खुणेत ते बसत नाही. तरीही बातमीतल्या माणसाची पायरी ठरवणारे हेच सर्वांत ठळक मत आहे आणि ते रोज, प्रत्येक पानावर छापले जाते. कुणी मुद्दाम तसे करते असे मला मुळीच वाटत नाही. घरात आणि बाजारात ज्याला जसे संबोधले जाते तसेच ते लेखणीतून उतरते. पण म्हणूनच ते मुलांना दाखवले पाहिजे, आणि म्हणूनच ते बदलणे आपल्या हातात आहे.

माझी विनंती एवढीच आहे की ज्या प्रौढ व्यक्तीचे म्हणणे बातमीत येते, तिला व्यवसाय न पाहता सारखेच आदरार्थी रूप वापरावे. लहान मुलांना एकवचन शोभते. आरोपींविषयी मतभेद होऊ शकतील, परंतु न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वी तो बहुवचनाच्या जागी एकवचन घालून लावू नये, असे मला वाटते. अग्रलेखात आणि सदरांत आपण हवे तितके परखड लिहावे, तिथे वाचक मतासाठीच येतो आणि ‘तब्बल’ही तिथे खुशाल यावे.

विद्यार्थ्यांच्या पानावर या विषयाचा पुढचा भाग देण्याचा आपला विचार असेल, तर विशेषणांच्या यादीऐवजी एकच छोटी बातमी द्यावी आणि तिच्यातले प्रत्येक क्रियापद कुणासाठी कोणत्या रूपात आले आहे, ते मुलांना शोधायला सांगावे. आमच्या मुलांनी आपल्या अंकातल्या तीन बातम्या अशा रीतीने पुन्हा लिहिल्या आहेत. तपशील एकही बदललेला नाही. रिक्षाचालक, मजूर आणि फेरीवाल्या बाई, तिघांच्याही वाक्यांत ‘म्हणाले’ आणि ‘म्हणाल्या’ आले आहे, आणि दोन ठिकाणचे ‘तब्बल’ गाळले आहे. मूळ कात्रणे आणि मुलांच्या हस्ताक्षरातली पाने सोबत जोडली आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
सुदामानगर, इंदूर