वांगाची घाई नको

प्रिय मीनल,

फोटो पाहिला. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर सारखेच पसरलेले भुरकट डाग, त्यात सहावा महिना. हे वांगाचेच डाग. गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि रंगपेशींना चेतवणारं संप्रेरक वाढतं, म्हणून मुळात सावळा असलेला भाग आधी गडद होतो. बेंबीखालची काळी रेघ त्यातलीच. तिला काहीही लावू नकोस, बाळंतपणानंतर काही महिन्यांत ती आपोआप फिकी पडते. आणि तिच्यावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, सासूबाई काहीही म्हणोत.

चेहऱ्यावर मात्र ऊन भर घालतं. नुसतं ऊनच नाही, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही. खिडकीच्या काचेतून तो सरळ आत येतो, त्यामुळे घरी बसूनही डाग गडद होतात. म्हणून रंगीत सनस्क्रीन घे. डबीवर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड हवं आणि सोबत आयर्न ऑक्साइड हवंच, कारण उजेड अडवतं ते तेच. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त. रंगीत असल्यामुळे आपल्या वर्णावर पांढरी झाकही दिसत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढ, चेहऱ्याला आणि मानेला तेवढं लागतं. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात आणि क्रीमला नावं ठेवतात. बाहेर असशील तर दर दोन तासांनी पुन्हा लाव, घाम पुसलास की लगेच. स्कार्फखालीही लाव, विरळ कापडातून ऊन झिरपतंच.

रात्रीसाठी डाग फिकट करणारं ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम गरोदरपणात चालतं, पण आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. सुरुवातीला चुरचुरतं, म्हणून एक दिवसाआड पातळसं लाव. फरक दिसायला महिने लागतात.

आता मेडिकलमधून आणलेल्या त्या ट्यूबबद्दल. मागची बारीक अक्षरं वाच. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असं त्रिकूट असेल, तर लावूच नकोस. हायड्रोक्विनोनचा मोठा भाग त्वचेतून रक्तात जातो, आणि ट्रेटिनॉइन गरोदरपणात टाळायचं असतं. आठवड्याभरात चेहरा उजळल्यासारखा वाटतो, फसगत होते ती इथेच. पुढे त्वचा पातळ आणि लालसर होते, मुरमं येतात आणि ट्यूब थांबवली की डाग आधीपेक्षा गडद होतात. घटकांची यादीच नसलेल्या ‘गोरं करणाऱ्या’ क्रीममध्ये पारा असू शकतो, तो बाळापर्यंत पोचतो. लिंबू-सोडा तर नकोच, त्वचा भाजली की तिथे आणखी काळं पडतं. डाळीच्या पिठाने तोंड धुवायचं असेल तर धू, घासू मात्र नकोस. पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं) आणि लेझर आत्ता नको.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल तर तो मळ नव्हे. साखर बघायला हवी. ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी २४ ते २८ आठवड्यांत होते, चुकवू नकोस. आणि पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजायला लागले, विशेषतः रात्री, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. तो यकृताचा त्रास असू शकतो.

डाग बाळंतपणानंतर वर्षभरात बहुतेक फिकट होतील, काहींचे थोडे उरतात. पुढे गर्भनिरोधक गोळ्यांचा विषय निघाला की वांग येऊन गेलं होतं हे सांग, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी ते परत येऊ शकतं.

ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो आजच पाठव.

तुझी,
अनू