कंट्रोल प्लेट वगळू नका

संपादक महोदय,

जैवतंत्रज्ञानाची ओळख करून देताना ‘जनुक कापले, प्लाझ्मिडला जोडले, जिवाणूत घातले’ एवढ्या एका ओळीत काम उरकले जाते. (प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतला डीएनएचा छोटा, गोल, स्वतंत्र तुकडा.) सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थीही परीक्षेत तीच ओळ आकृतीसह लिहितात. ओळ चुकीची नाही. मात्र दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरमधून काढलेल्या प्लेटवर (जिवाणू वाढवण्याच्या आगरच्या थाळीवर) काहीच उगवलेले नसेल, किंवा नको तेवढे उगवले असेल, तर दोष कुठे शोधायचा हे त्यातून कळत नाही. ते कळते कंट्रोल प्लेटवरून, म्हणजे काय उगवायला हवे हे आधीच ठाऊक असलेल्या, तुलनेसाठी ठेवलेल्या प्लेटवरून. आणि प्रात्यक्षिकाला वेळ कमी पडला की पहिली कात्री नेमकी तिथेच लागते. याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

ई. कोलाय या जिवाणूमध्ये प्लाझ्मिड घालण्याचा नेहमीचा प्रयोग घ्या. जिवाणू ३७ अंश सेल्सियसला वाढवून ६०० नॅनोमीटरवरची ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजेच पेशींची दाटी) ०.३ ते ०.४ झाली की वाढ थांबवायची, पेशी बर्फावर गार करायच्या आणि ०.१ मोलर थंडगार कॅल्शियम क्लोराइडमध्ये हलक्या हाताने मिसळायच्या. डीएनए आणि पेशीचा पृष्ठभाग दोघांवरही ऋण भार असतो. कॅल्शियममुळे त्यांच्यातले प्रतिकर्षण कमी होते. अशा १०० मायक्रोलिटर पेशींत १० नॅनोग्रॅम प्लाझ्मिड घालून ३० मिनिटे बर्फावर, मग ४२ अंशांवर ४५ सेकंद, पुन्हा २ मिनिटे बर्फावर. त्यानंतर ९०० मायक्रोलिटर एलबी हे पोषक माध्यम घालून ३७ अंशांवर तासभर ठेवायचे आणि त्यातले १०० मायक्रोलिटर अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर पसरायचे.

बिघडते ते बारीकसारीक गोष्टींत. रात्रभर वाढलेला जुना कल्चर थेट वापरला तर पेशी डीएनए नीट घेत नाहीत. व्होर्टेक्सवर (नळी जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) ढवळल्या तर कॅल्शियमने नाजूक झालेल्या पेशी मरतात. ४२ अंश हे यंत्राच्या आकड्यावरून न मानता पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहावेत, कारण दोन-तीन अंश जास्त झाले तरी मोठा फरक पडतो. तासभराची विश्रांती प्लाझ्मिडवरच्या जनुकापासून प्रतिजैविकाला रोखणारे प्रथिन तयार होण्यासाठी असते. अँपिसिलिन वाढत्या पेशींची भित्तिका बिघडवते, म्हणून तिथे थोडी घाई चालून जाते. कॅनामायसिन हे दुसरे प्रतिजैविक प्रथिननिर्मितीवरच घाव घालते. तिथे हा तास कमी करून चालत नाही.

आता कंट्रोल. डीएनए न घातलेल्या पेशी प्रतिजैविक नसलेल्या प्लेटवर पसरल्या तर दाट थर यायला हवा. नाही आला तर पेशीच मेलेल्या आहेत. त्याच पेशी अँपिसिलिनच्या प्लेटवर उगवता कामा नयेत. उगवल्या तर प्रतिजैविक निकामी आहे: आगर ५० अंशांच्या आसपास येण्याआधीच ते ओतले गेले, किंवा प्लेट फार जुन्या आहेत. (अँपिसिलिन साधारण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर लागते.) तिसरी प्लेट न कापलेल्या, ठरावीक मात्रेतल्या प्लाझ्मिडची, आणि हिशेब हिच्यावरच करायचा. वरच्या प्रमाणात प्लेटवर १ नॅनोग्रॅम डीएनए पोहोचतो. १५० कॉलनी आल्या तर एका मायक्रोग्रॅममागे दीड लाख. हा आकडा दहा हजारांच्या खाली असेल तर लायगेशनचे (जनुक प्लाझ्मिडला जोडण्याचे) मिश्रण वाया घालवू नये, कारण जोडलेला डीएनए अखंड प्लाझ्मिडपेक्षा पुष्कळच कमी पेशींत शिरतो.

चौथी प्लेट कापलेल्या व्हेक्टरची (जनुक वाहून नेणाऱ्या प्लाझ्मिडची), इन्सर्ट (जोडायचे जनुक) न घालता फक्त लायगेज (डीएनएची टोके जोडणारे एन्झाइम) मिसळलेली. ईकोआरआयसारख्या डीएनए कापणाऱ्या एकाच एन्झाइमने कापले असेल तर व्हेक्टरची दोन टोके एकमेकांनाच जुळतात आणि या प्लेटवर भरपूर कॉलनी येतात. उपाय म्हणजे फॉस्फटेजने टोकांवरचे फॉस्फेट काढणे, किंवा दोन वेगळ्या एन्झाइमांनी कापणे. तिसऱ्या प्लेटवर कॉलनी आहेत, पण लायगेशनच्या प्लेटवर नाहीत, असे दिसले तर पेशींना बोल लावू नये. लायगेजचा बफर तपासावा. त्यातले एटीपी (लायगेजला ऊर्जा देणारे रसायन) वारंवार गोठवण्या-वितळवण्याने नष्ट होते. म्हणून बफर छोट्या नळ्यांत वाटून ठेवावा.

निळ्या-पांढऱ्या कॉलनींचा नियमही घोकून पुरत नाही. यात इन्सर्ट प्लाझ्मिडवरच्या निळा रंग देणाऱ्या जनुकात बसतो आणि ते मोडतो. पांढरी म्हणजे इन्सर्ट असलेली, हे बहुतेक वेळा खरे. पण लहान तुकडा वाचनचौकट (जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचण्याची मांडणी) न मोडता बसला तर कॉलनी फिकी निळी राहू शकते. प्लेट १६–१८ तासांपेक्षा जास्त ठेवली की मोठ्या कॉलनीभोवती बारीक पांढऱ्या कॉलनींचे कडे उगवते. मोठ्या कॉलनीतून झिरपलेले बीटा-लॅक्टमेज भोवतालचे अँपिसिलिन तोडते आणि प्लाझ्मिड नसलेल्या पेशींचे फावते. त्या उचलून प्लाझ्मिड काढायला बसलात तर हाती काही लागणार नाही.

हीच शिस्त उद्योगात लागते. मानवी इन्सुलिन १९७८ मध्ये ई. कोलायकडून तयार करून घेतले गेले आणि १९८२ मध्ये औषध म्हणून मान्य झाले. इन्सुलिनवर शर्करेच्या साखळ्या नसतात, म्हणून जिवाणू पुरला. एरिथ्रोपोएटिनवर (लाल रक्तपेशी वाढवणाऱ्या संप्रेरकावर) त्या लागतात, म्हणून तिथे सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरतात. फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या टाकीत) ग्लुकोज एकदम ओतले तर ई. कोलाय अ‍ॅसिटेट साठवतो आणि वाढ मंदावते. त्यामुळे खाद्य थेंबाथेंबाने द्यावे लागते. जनुकाला हात न लावताही चालणाऱ्या जैवतंत्रज्ञानात हेच आहे. अ‍ॅस्परजिलस नायजरकडून सायट्रिक आम्ल हवे असेल तर माध्यमातले मँगनीज अत्यल्प ठेवावे लागते, नाहीतर बुरशी वाढते आणि आम्ल घटते. वाढीचे टप्पे, निर्जंतुक हाताळणी, पेशींची मोजदाद हे पहिल्या वर्षाचे धडे इथे प्रत्यक्ष कामाला येतात.

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांना विनंती आहे. सत्रात तीन प्रयोग घाईने उरकण्यापेक्षा एकच प्रयोग चारही कंट्रोलसह करून घ्यावा. निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही, पण विद्यार्थ्याने कंट्रोलवरून कारण बरोबर शोधले, तर पूर्ण गुण द्यावेत. प्रयोगवहीत प्रत्येक प्लेटवरची संख्या, शून्यसुद्धा, लिहिणे सक्तीचे असावे.

आणि प्रात्यक्षिकाचा वेळ आखताना शेवटचा अर्धा तास विल्हेवाटीसाठी राखावा. प्रतिजैविकाला दाद न देणारे हे जिवाणू सिंकमध्ये जाता कामा नयेत. प्लेट, टिप्स आणि उरलेले द्रव ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंशांवर किमान ३० मिनिटे ठेवावेत. पिशवीचे तोंड घट्ट बांधू नये. वाफ आत शिरली नाही तर मधल्या प्लेटमधले जिवाणू जिवंतच राहतात.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक अध्यापक