इलेक्ट्रॉन केंद्रकात का पडत नाही?

मा. संपादक,
स. न.

विषय : बालपुरवणीतील अणूचे चित्र

महोदय,

यंदा राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त सांगलीतील एका शाळेत भरलेले प्रदर्शन पाहण्याचा योग आला. एका मुलीने कार्बनच्या अणूची प्रतिकृती मांडली होती : मधोमध लाकडी चेंडू, भोवती तारेची दोन कडी, आतल्या कड्यात दोन मणी, बाहेरच्यात चार. केंद्रकाचा भार धन आणि इलेक्ट्रॉनचा ऋण, मग तो ओढला जाऊन आत का पडत नाही, असे मी विचारले, तेव्हा तिने पाठ केलेले उत्तर दिले, "पृथ्वी सूर्यात पडत नाही, तसेच." त्यानंतर आठवडाभराने आपल्या बालपुरवणीतही नेमके हेच उत्तर सूर्यमालेच्या चित्रासह छापून आले, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे आणि तशी कडी मीही वर्षानुवर्षे फळ्यावर काढली आहेत. त्यामुळे मुलीला बोल लावण्याचा प्रश्नच नाही. प्रतिकृतीतली मापेही चुकणारच, कारण हायड्रोजनचा प्रोटॉन, म्हणजे त्याचे केंद्रक, ज्वारीच्या दाण्याएवढा धरला तर अणूचा व्यास अडीचशे मीटरच्या घरात जातो आणि तेवढे टेबल कोणत्याच शाळेकडे नसते. ग्रहांचा दाखला मात्र मुळातच लागू पडत नाही. विद्युतभार असलेला कण वर्तुळात फिरू लागला की त्याने प्रकाशासारख्या प्रारणांच्या रूपाने ऊर्जा गमावली पाहिजे. रदरफर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडल्यावर हीच अडचण उभी राहिली, कारण जुन्या नियमांनी हिशेब केला तर इलेक्ट्रॉन एक अब्जांश सेकंदाच्याही आत केंद्रकावर आदळायला हवा. बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक कक्षांत तो ऊर्जा गमावत नाही असे गृहीत धरले आणि हायड्रोजनच्या वर्णरेषांचे, म्हणजे त्याच्या प्रकाशात दिसणाऱ्या ठरावीक रंगांच्या रेषांचे, गणित त्यामुळे सुरेख जुळले, परंतु तो ती का गमावत नाही, हे कोडे तसेच राहिले.

ते सुटले १९२६-२७ च्या सुमारास, श्रोडिंगर यांचे तरंग-समीकरण आणि हायझेनबर्ग यांचे अनिश्चिततेचे तत्त्व आल्यावर. इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंडावे, तितकी त्याच्या संवेगातील (वस्तुमान गुणिले वेग) अनिश्चितता वाढते आणि तिच्याबरोबर गतिज ऊर्जाही. जागेची रुंदी निम्मी केली तर केंद्रकाच्या ओढीमुळे होणारा ऊर्जेचा फायदा दुप्पट होतो, पण कोंडण्याची किंमत चौपट मोजावी लागते. या ओढाताणीत एकूण ऊर्जा जिथे सर्वांत कमी, तिथे इलेक्ट्रॉन स्थिरावतो. हायड्रोजनसाठी ते अंतर ०.५३ अँगस्ट्रॉम येते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). शिवाय हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या अवस्थेत इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग शून्य असतो, म्हणजे ज्याला आपण गरगर फिरवतो तो तिथे प्रदक्षिणा घालतच नसतो! तो कुठे सापडेल याची फक्त संभाव्यता सांगता येते, आणि ती केंद्रकाभोवती धुक्यासारखी पसरलेली असते.

हे सारे वरच्या वर्गांसाठी राखून ठेवावे, असे कुणी म्हणेल. पण सांगलीच्या मुलांना हळद काही नवी नाही. हळद सांडलेल्या सदऱ्यावर साबण चोळला की पिवळा डाग लालभडक होतो, आणि चुन्याची निवळी घालून हळदीचे कुंकू होते, हे घरात सर्वांनी पाहिलेले असते. हळदीतील कुर्क्युमिनच्या रेणूत काही इलेक्ट्रॉन एका अणूपाशी न थांबता अनेक अणूंवर पसरलेले असतात. ते जांभळा-निळा प्रकाश शोषतात म्हणून हळद पिवळी दिसते. साबणातला किंवा चुन्यातला अल्क त्या रेणूचा प्रोटॉन काढून घेतो, इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या बदलतात, शोषण अधिक लांबीच्या तरंगांकडे सरकते आणि डाग लाल होतो. कड्यातल्या मण्यांकडे बोट दाखवून हे समजावता येत नाही.

आपण कड्यांचे चित्र छापणे बंद करावे, अशी माझी मागणी नाही. त्याखाली 'बोर, १९१३' एवढे लिहावे आणि शेजारी मधोमध दाट व कडेला विरळ होत जाणाऱ्या ठिपक्यांचे दुसरे चित्र द्यावे. ग्रहांचे उत्तर मात्र पुढच्या अंकात दुरुस्त व्हावे, कारण त्या मुलीने तिच्या वहीत आपल्या पुरवणीचे कात्रण चिकटवले असण्याची शक्यता आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली