पावतीवर नुसतं ‘कॉम्प्युटर, नग १’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हापासून ‘जुना कॉम्प्युटर काढा आणि नवा घ्या’ हा सल्ला ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. मला तो नको होता. मी घरच्या घरी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडायचं, काम करते. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, बचत गटांचे अहवाल, गणपतीत मंडळांची पावतीपुस्तकं. कॉम्प्युटर २०१३ चा, इथेच कराडात जुळवून घेतलेला. अलीकडे फोटो असलेली फाईल उघडली की कर्सर गोल फिरत बसायचा आणि डब्यावरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा विझायचं नाव घ्यायचा नाही.

दुकानदारानं कॉम्प्युटर न उघडताच निकाल दिला : “वहिनी, हा भंगारात द्या. अडतीस हजारांत नवा बसवून देतो. रॅम वाढवायच्या भानगडीत पडू नका, दिवाळीपासून रॅमचे भाव भडकलेत.” रॅम म्हणजे चालू काम हाताशी ठेवणारी मेमरी, तिचे भाव भडकलेत हे खरंच आहे. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवण्यात चिप कंपन्या गुंतल्यात, त्याची झळ आपल्यापर्यंत आली. पण मग नव्या कॉम्प्युटरात रॅम फुकट मिळणार होती का, हे त्याला विचारायचं मला घरी आल्यावर सुचलं.

पुण्याच्या भाच्यानं फोनवरून टास्क मॅनेजर (काय किती भरलंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडायला लावला. मेमरी ९४ टक्के भरलेली. रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं, त्या हेलपाट्यांचा तो लाल दिवा. औषध सोपं होतं. ४ जीबीच्या जोडीला आणखी ४ जीबी.

मी दुसऱ्या दुकानात जाऊन ‘४ जीबीची रॅम द्या’ म्हटलं. त्यानं कोणत्या कॉम्प्युटरला ते विचारलं नाही, मलाही विचारायचं असतं हे ठाऊक नव्हतं. घरी डब्याचं झाकण काढलं, स्वेटर उतरवून ठेवला (थंडीत अंगावरच्या विजेनं चिप जाते म्हणे), कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि रॅमची पट्टी दाबते तर बसेचना. “मावशी, जोर नको लावूस! दोन्ही पट्ट्या शेजारी धर,” भाचा ओरडला. धरल्या. खालच्या सोनेरी कडेची खाच दोन्हींत वेगळ्या जागी. माझा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो) डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमचा, त्याच्या पट्टीला २४० पिना. मला मिळालेली पुढच्या पिढीची डीडीआर४, २८८ पिनांची. एकीच्या जागी दुसरी बसूच नये म्हणून खाच मुद्दाम सरकवलेली असते. दुकानदार म्हणाला, पाकीट फोडलेला माल परत घेत नाही. पावती? चिठोऱ्यावर ‘रॅम’ आणि रक्कम.

मग कोल्हापुरातून जुनी डीडीआर३ सातशे रुपयांत मागवली. कडा खोडरबरानं पुसून बसवली, बटण दाबलं, तर पडदा काळा आणि आतून टूं टूं. एका बाजूचा खटका लागला होता, दुसऱ्या बाजूचा नाही. दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबल्यावर ‘खट्’ आवाज आला. तो आवाज लक्षात ठेवावा, बाकी सारं त्यावर आहे.

कॉम्प्युटर सुरू झाला. सेटिंगमध्ये पाहिलं : बसवलेली रॅम ८ जीबी, वापरता येण्याजोगी ३.४१. म्हणजे तिजोरी आणली आणि किल्ली दुकानातच राहिली! खाली बारीक अक्षरांत कारण होतं : प्रोसेसर ६४ बिटचा, विंडोज ३२ बिटचं. ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांत, मेमरीतल्या जागांचे सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात, ते ४ जीबीला संपतात. त्यातलेही काही ग्राफिक्स वगैरेंसाठी राखलेले. बारा वर्षं मी ६४ बिटचा प्रोसेसर ३२ बिटच्या विंडोजवर हाकत होते आणि ज्यानं ते टाकलं त्यानं कधी सांगितलं नाही. शेवटी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर काढून ६४ बिटचं विंडोज नव्यानं टाकलं. लायसन्स तेच चाललं. प्रिंटरचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र वेगळा शोधावा लागला, त्यात एक रविवार गेला.

आता फाईल उघडते आणि मी कामाला लागते. हा कॉम्प्युटर विंडोज ११ च्या नियमांत बसत नाही, हे मला मान्य आहे. विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी केली आहे, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पुढचं पुढे.

तक्रार दुकानदारांच्या नफ्याची नाही, त्यांनीही पोट भरावं. पण साडी घेतली तरी पावतीवर सुती की रेशमी लिहितात. पंचवीस-तीस हजारांच्या वस्तूच्या पावतीवर ‘कॉम्प्युटर, नग १’? रॅम कोणत्या पिढीची, रॅम बसवायचे स्लॉट किती आणि मोकळे किती, मदरबोर्ड जास्तीत जास्त किती जीबी घेतो, विंडोज किती बिटचं, या चार ओळी दुकानदारानं लिहून द्याव्यात आणि गिऱ्हाइकानं मागून घ्याव्यात. पावतीच न देणं ही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे, तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मी तिथे फोन केला नाही, कारण ते रॅमचं दुकान आमच्याच गल्लीत आहे आणि दरवर्षी त्यांच्या घरच्या पत्रिका माझ्याकडेच येतात. म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

ती डीडीआर४ ची पट्टी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.

– एक वाचक, कराड