फुकुओकाहून मित्रास पत्र : रामेनच्या दुकानातील पाहुणचार

फुकुओका, जपान

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. वहिनींसह जपानला येण्याचे तुझे नक्की झाले, हे वाचून फार आनंद झाला. प्रवासाविषयी इतर सारे सवडीने लिहीन. परंतु रामेनच्या, म्हणजे गरम सुपात वाढलेल्या नूडल्सच्या, दुकानांविषयी तू जे लिहिले आहेस त्याला उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही. जिथे बोलायचे नाही, रेंगाळायचे नाही, पैसे आधीच यंत्रात टाकायचे आणि पंधरा मिनिटांत उठायचे, तिथे पाहुणचार तो कसला, असे तू विचारतोस. येथे राहू लागल्यापासून माझे मत असे झाले आहे की पाहुणचार तिथे पुरेपूर असतो; फक्त आपण दारात पाऊल ठेवतो तेव्हा त्याचा मोठा भाग करून झालेला असतो.

आधी सुपाचेच सांगतो. या शहरातील हाकाता भागाच्या नावाने ओळखले जाणारे रामेन तोन्कोत्सु प्रकारचे, म्हणजे डुकराच्या हाडांच्या सुपातले असते. हाडे मंद आचेवर शिजवली तर सूप नितळ राहते; येथे मात्र ती मोठ्या आचेवर दहा-बारा तास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक वेळ, खळखळ उकळत ठेवतात. इतक्या वेळात हाडांतील आणि कूर्चेतील कोलॅजेन या प्रथिनाचे जिलेटिन होते, मज्जेतील चरबी सुटते, आणि अखंड उकळीमुळे त्या चरबीचे इतके बारीक थेंब होतात की जिलेटिनच्या आधाराने ते पाण्यात मिसळून राहतात. सूप पांढरे आणि दाट दिसते ते त्यामुळे. त्यात दूध किंवा पीठ काहीही घातलेले नसते. माणसाने भांड्यापाशी उभे राहून मोठ्या पळ्याने हाडे ढवळावी लागतात, तळ लागू नये म्हणून लक्ष ठेवावे लागते आणि पाणी आटेल तसे घालावे लागते. येथून दक्षिणेला कुरुमे नावाचे शहर आहे. तेथील एका गाडीवर १९३७ साली डुकराच्या हाडांच्या सुपाचे रामेन मिळू लागले, आणि तोन्कोत्सुचा उगम तिथलाच मानतात. कुरुमेतील काही जुन्या दुकानांत सुपाचे भांडे कधी पूर्ण रिकामे करतच नाहीत. कालच्या सुपात आजचे मिसळत जातात आणि चव पुढे चालू ठेवतात. त्या दुकानांचा वास गल्लीच्या तोंडापासूनच येतो आणि तो उग्र असतो, हे तुला आधीच सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी कदाचित तू नाक मुरडशील.

आता वेळेच्या घाईविषयी. हाकाताच्या नूडल्स बारीक आणि सरळ असतात, आणि त्यांच्या कणकेत पाण्याचे प्रमाण कमी, पिठाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. पिठात कान्सुइ नावाचे क्षारयुक्त पाणी घालतात, ज्यात मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट असते. त्यामुळे नूडल्सना तो लवचिक ताण आणि किंचित पिवळा रंग येतो. अशा कोरड्या, बारीक नूडल्स मिनिटाभराच्या आत शिजतात खऱ्या, परंतु वाडग्यात पडल्यावरही गरम सूप शोषत राहतात आणि पाहता पाहता मऊ पडतात. म्हणून त्या वाडग्याचे आयुष्य फार थोडे असते. स्वयंपाक्याने ज्या क्षणी नूडल्स उपसल्या, तो क्षण त्याने तुझ्यासाठी निवडलेला असतो. तू छायाचित्रे काढत बसलास, किंवा मला प्रवासाची हकीकत सांगू लागलास, तर त्या माणसाची सारी मेहनत तुझ्यासमोर विरघळून जाते. मला हे पाहवत नाही, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

नूडल्स किती कडक हव्यात, हे इथे गिऱ्हाइकालाच विचारतात. 'फुत्सु' म्हणजे नेहमीच्या, 'काता' म्हणजे कडक, 'बारिकाता' त्याहून कडक, आणि त्यापुढच्याही पायऱ्या आहेत, ज्यांत नूडल्स काही सेकंदच पाण्यात बुडवून काढतात. नवखी माणसे हौसेने बारिकाता मागतात; तू पहिल्या वेळी फुत्सु किंवा काताच माग, कारण फार कडक नूडल्सना कच्च्या पिठाची चव राहते आणि सुपाशी त्यांचे सूत जमत नाही. भूक मोठी असेल तर एकदम जास्त नूडल्स मागू नकोस. सूप राखून ठेवायचे आणि 'कायेदामा' म्हणायचे, की ताज्या शिजवलेल्या नूडल्सची दुसरी गुंडी तुझ्या वाडग्यात येऊन पडते. ही रीत नागाहामा येथील मासळी बाजारापाशी रुजली असे सांगतात. पहाटेपासून राबणाऱ्या कामगारांना थांबायला वेळ नसे. त्यांच्यासाठी चटकन शिजणाऱ्या बारीक नूडल्स आल्या, आणि त्या मऊ पडण्याआत संपाव्यात म्हणून थोड्या थोड्या वाढण्याची पद्धत आली. रामेनचा सारा इतिहासच अशा घाईतल्या माणसांचा आहे. १९१० साली टोकियोच्या आसाकुसा भागात 'राइराइकेन' उघडले, तिथे योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले आचारी काम करत आणि गिऱ्हाइके सामान्य शहरवासी असत. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई असताना अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पिठावर रस्त्यावरच्या गाड्यांनी कितीतरी लोकांची पोटे भरली.

दारातल्या यंत्राविषयी तुझी तक्रार आहे, म्हणून तेही सांगतो. पैसे टाकून बटण दाबले की छोटे तिकीट येते, ते काउंटरवर ठेवायचे. वरच्या डाव्या कोपऱ्यातले बटण बहुधा त्या दुकानाच्या मुख्य रामेनचे असते, तेव्हा जपानी वाचता आले नाही तरी अडत नाही. या यंत्रामुळे वाढणाऱ्याचा हात नाण्यांना लागत नाही, हिशेबात कुणी गुंतत नाही, आणि दहा-बारा खुर्च्यांचे दुकान दोन माणसे चालवू शकतात. बक्षिशीची येथे पद्धत नाही. पाणी बहुतेक ठिकाणी आपले आपण घ्यायचे असते. वाडगा समोर आला की आधी नुसते सूप चमच्याने चाखावे. काउंटरवर आले, तीळ, मोहरीच्या पानांचे तिखट लोणचे आणि लसूण ठेवलेली असते, परंतु ती अर्धा वाडगा संपल्यावर घालावी, नाहीतर रात्रभर उकळलेल्या सुपाची मूळ चव आपल्याला कळतच नाही. नूडल्स आवाज करत ओढून घेण्याचा संकोच बाळगू नकोस. हवेबरोबर ओढल्याने त्या निवतात आणि सुपाचा वास नाकापर्यंत पोचतो. खाऊन झाल्यावर वाडगा उचलून वरच्या फळीवर ठेवायचा, फडके असेल तर आपल्यापुढची जागा पुसायची आणि 'गोचिसोसामा', म्हणजे जेवणाबद्दल आभार, असे म्हणून बाहेर पडायचे. भांड्यांच्या वाफेतून दुकान चालवणाऱ्या त्या दोघांचे उत्तर एकदमच येते. मला त्या क्षणी खरोखर कुणाच्या घरी जेवून निघाल्यासारखे वाटते.

खाऊन लगेच जागा सोडण्यामागे व्यवहारही आहे, आणि तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. रामेनचा साधा वाडगा १,००० येनच्या वर जाऊ नये अशी लोकांची समजूत इतकी पक्की आहे की धंद्यातील माणसे तिला '१,००० येनची भिंत' म्हणतात. पीठ, हाडे, इंधन, मजुरी सारे महागले, तरी दुकानदार भाव वाढवायला कचरतो, कारण त्याचे गिऱ्हाईक विद्यार्थी आणि नोकरदार असते. मूठभर खुर्च्यांवर दिवसभरात पुरेशी माणसे बसून उठली, तरच ते सूप उद्या पुन्हा चुलीवर चढते. अनेक लहान दुकाने या ताणाखाली बंद पडली आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. दाराबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी जागा सोडणे हा या पाहुणचारातला आपला वाटा आहे, असे मी समजतो.

गप्पांची तुझी हौस मात्र मी मारणार नाही. नाकासु बेटावर नदीकाठी संध्याकाळी गाड्या लागतात, त्यांना याताइ म्हणतात. २०१३ साली फुकुओका महापालिकेने त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम करून ही परंपरा टिकवायचे ठरवले. तिथे सात-आठ जण खांद्याला खांदा लावून बसतात, अनोळखी माणसे आपणहून बोलतात, आणि शेवटी रामेनही मिळते. दुपारी दुकानात मुकाट्याने जेवू आणि रात्री याताइवर हवे तितके बोलू.

वहिनी मांस खात नाहीत, याचा विचार मी केला आहे. तोन्कोत्सुच्या दुकानात त्यांना खाण्याजोगे काही मिळणे कठीण. वरून मांस काढून टाकले तरी सूप तेच असते, म्हणून कुणी तशी तडजोड सुचवली तर ती मान्य करू नका. टोकियो स्थानकात, तिकीट-फाटकांच्या आतल्या बाजूला, 'टीज तानतान' नावाचे दुकान आहे. तिथे सारे काही प्राणिज पदार्थांवाचून बनवतात, आणि तिळाच्या दाट सुपातले त्यांचे तिखट रामेन वहिनींना नक्की आवडेल. तुम्ही आधी टोकियोला उतरणार असाल तर शिनकानसेन ही अतिवेगवान रेल्वे पकडण्यापूर्वी तिथे तासभर हाताशी राहील अशा बेताने तिकिटे काढ, आणि तारखा ठरल्या की लगेच कळव, म्हणजे मला त्या दिवसांची रजा मागता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र