टिल्लू पंप विकणाऱ्याचं नगराध्यक्षा ताईंना खुलं पत्र

मा. नगराध्यक्षा ताई,
सप्रेम नमस्कार.

बाजारपेठेत माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे, 26 वर्षं झाली. व्यापाऱ्यांनी तुमचा सत्कार केला तेव्हा मीही होतो, पण हारतुऱ्यांत बोलणं राहून गेलं. पत्र साहेबांच्या, म्हणजे तुमच्या यजमानांच्या नावे लिही, कामं तेच बघतात, असं एकाने सुचवलं. मशीनवर नाव तुमचं होतं, बटण आम्ही तुमच्या नावापुढचं दाबलं, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

चौकात तुमचा फलक लागलाय. धरणावरून नवी पाइपलाइन, दोन नवे जलकुंभ, नवं फिल्टर हाऊस. त्याखाली मेन रोडचं काँक्रिटीकरण, बाग आणि व्यापारी संकुल. वाचून बरं वाटलं. पाण्याचं काम निघालं की माझ्या दुकानावर गर्दी होते, हे लपवत नाही. पण खरा धंदा मला नव्या पाइपलाइनने दिलेला नाही. तो दिलाय आठव्या दिवशी येणाऱ्या पाण्याने.

हिशेब मांडून दाखवतो. घरात पाच माणसं. माणशी रोज 70 लिटर धरलं तरी आठ दिवसांचे 2,800 लिटर साठवावे लागतात. म्हणजे गच्चीवर हजाराची एक टाकी, जमलं तर दुसरी, खाली पाचशेची, मोरीत दोन ड्रम आणि स्वयंपाकघरात हंडे-कळश्या. खालचं पाणी वर चढवायला मोटर. ते पाणी आठ दिवस राहिलं की त्याला वास येतो, म्हणून फिल्टर. फिल्टरची कँडी बदलायला वर्षातून दोनदा माझ्याकडे फेरी. पाणीपट्टी दोनशे रुपयांनी वाढवली तर मोर्चा निघेल, असं नगरपरिषदेत म्हणतात. खरंच निघेल. पण त्या मोर्चातली निम्मी माणसं माझ्या गल्ल्यात बिनतक्रार हजारो रुपये टाकून गेलेली असतात, आणि त्याला कुणी पाणीपट्टी म्हणत नाही. ज्याच्याकडे टाकीला पैसे नाहीत त्याची बायको आठव्या दिवशी कामावर जात नाही. तो खाडा कुठल्याच हिशेबात येत नाही.

आता टिल्लू पंपाचं सांगतो, कारण त्यातला पापी मीच.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घराला पाणी जोरात येतं. शेवटच्या घराला करंगळीएवढी धार. शेवटचा माणूस माझ्याकडे येतो, अर्ध्या एचपीचा पंप नेतो आणि थेट नळाला लावतो. मग मधल्यांचं पाणी तुटतं. ते येऊन एक एचपीचा नेतात. पुढच्या महिन्यात शेवटचा पुन्हा दारात उभा. मी दोघांनाही विकलाय, दोघांनाही पावती दिलीय. नळाला थेट पंप लावायला बंदी आहे हे मलाही ठाऊक आहे, त्यांनाही आणि जप्तीला येणाऱ्या पथकालाही. पथक आलं की आधी एकाचा फोन येतो, सगळे पंप पोत्यात जातात. पथक गेलं की पोती उघडतात.

पंप पाणी तयार करत नाही, शेजाऱ्याचं ओढतो. आणि पाणी कमी पडलं की पाइपाभोवती जे असेल तेही ओढतो. आपल्या जुन्या गल्ल्यांत नळाच्या जोडण्या कुठून गेल्यात ते एकदा चालत जाऊन बघा. गंजलेले लोखंडी पाइप गटारातून आडवे गेलेत. लाइनमध्ये पाण्याचा दाब असतो तोवर भोकातून पाणी बाहेर येतं. सात दिवस लाइन रिकामी, किंवा दहा जणांनी एकदम पंप लावले, की त्याच भोकातून गटार आत जातं. पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटं पिवळट पाणी आपण मोरीत सोडतो, ते हेच. फिल्टर हाऊसमध्ये तुरटी आणि क्लोरीन कितीही नीट टाका, गल्लीत शिरताना ते पाणी पुन्हा बाटणारच. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, तेव्हा पहिलं बोट पाण्याकडेच गेलं. पुण्यात निदान तपासायला प्रयोगशाळा आहेत. आपल्याकडे शेवटच्या नळाला प्रति लिटर 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, त्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, कुणी शेवटच्या घरी येऊन केलेली मी तरी पाहिली नाही.

म्हणून ताई, माझं म्हणणं एवढंच की नव्या पाइपलाइनचा नारळ फोडण्याआधी आत्ता येणारं पाणी मोजा. धरणातून किती उचललं, फिल्टर हाऊसमधून किती निघालं, प्रत्येक टाकीत किती चढलं आणि नळाला किती पोचलं. आज यातला एकही आकडा मोजलेला नाही. फिल्टर हाऊसमध्ये विचारलं तर पंप किती तास चालला ते सांगतात. पंपाचे तास म्हणजे पाणी नव्हे. पंप जुना असेल, फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यातल्या टोकाची झडप, गळत असेल, तर तास तेवढेच भरतात आणि पाणी निम्मं येतं. प्रकल्प अहवालात सल्लागार माणशी 135 लिटर धरेल, 45 हजार वस्ती धरेल आणि रोज 60 लाख लिटर लागतात म्हणेल. गुणाकार बरोबरच असेल. पण आत्ता किती येतं हे ठाऊक नसताना कमी किती पडतं हे त्याला कसं कळणार?

मागच्या रविवारी मी एक उद्योग केला. पुलाच्या अलीकडे धरणाकडून येणाऱ्या लाइनचा जोड गळतो. जागा तुम्हालाही माहीत असेल, तिथे रिक्षा धुतल्या जातात आणि म्हशी पाणी पितात. तिथे 15 लिटरची बादली लावली. दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला 10 लिटर, दिवसाला 14,400. माणशी 135 लिटरचा सरकारी हिशेब लावला तर शंभरावर माणसांचं रोजचं पाणी. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. पहिली गाडी 12 एप्रिलला पोचली, 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. सगळ्या देशाने ती टीव्हीवर पाहिली. आपल्या पुलाजवळचा हा एक जोड 35 दिवसांत तेवढंच पाणी सांडतो. वीज गेली की पंप बंद, तेवढे तास वजा करा. पण असे जोड किती आहेत ते मोजा आणि मग बेरीज करा. या गळत्यांवर नवी लाइन जोडली तर रिक्षा आणखी चकचकीत होतील.

यावर कुणी म्हणेल, दुकानदाराला काय कळतं, मूळ पाणीच कमी आहे. काही गावांत ते खरं आहे. मनमाडचं वागदर्डी धरण गावाला पुरेना, लोकांनी पंधरा-पंधरा दिवस पाण्याची वाट पाहिली, तिथे करंजवण धरणातून पाणी आणण्याला पर्याय नव्हता. आपलंही तसं निघालं तर नव्या लाइनच्या खोदाईला पहिली कुदळ मी मारीन. पण ते मोजून ठरू दे.

कराडला लागून मलकापूर आहे. तेव्हा ती नगरपंचायत होती, म्हणजे आपल्याहून लहान. 2009 च्या आसपास तिथे चोवीस तास पाणी सुरू झालं. कोयनेचं पाणी जवळ आहे, हे त्यांचं नशीब. पण कोयनाकाठची सगळीच गावं मलकापूर झाली नाहीत. त्यांनी घरोघरी मीटर बसवले, जुन्या लाइनऐवजी जोड कमी गळतील असे एचडीपीईचे, म्हणजे टणक प्लास्टिकचे पाइप टाकले आणि दर टप्प्यांचा ठेवला, जास्त वापराल तर वरच्या पाण्याला जास्त पैसे. चोवीस तास पाणी दिलं की लोक उधळतील, ही भीती आपल्याकडे सगळ्यांनाच वाटते. उधळतो तर आपण. आठव्या दिवशी ताजं पाणी आलं की उरलेलं शिळं पाणी अंगणात ओततो, कारण भांडं रिकामं करायचं असतं. माझ्या स्वतःच्या घरात दर खेपेला दोन ड्रम असे जातात. नळ हवा तेव्हा वाहणार असेल तर पाणी साठवायला कोण बसेल?

सगळं गाव एकदम नको. एक टाकी निवडा. माझ्या मते स्टँडमागची, तिची हद्द आटोपशीर आहे आणि त्या भागातल्या लाइनी बऱ्यापैकी नव्या आहेत. टाकीखाली मोठा मीटर, प्रत्येक घराला मीटर, गटारातल्या जोडण्या बाहेर, आणि त्या भागाला आधी रोज ठरल्या वेळी दोन तास पाणी. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कामगाराला वेळापत्रक लेखी द्या आणि ते प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी लावा. आज पाणी कधी येणार हे कळायला त्याच्याशी ओळख लागते. तो बिचारा रात्री दोनला सायकलवर चावी घेऊन फिरतो आणि सकाळी सगळ्यांच्या शिव्या खातो, आणि एखाद्या नगरसेवकाचा फोन आला की अर्धा तास जास्त सोडतो. त्याच्या जागी मी असतो तरी सोडला असता.

पैशाचं विचाराल, तर केंद्राच्या अमृत 2.0 या शहरी पाणी योजनेत लाखाच्या आतल्या गावाला मंजूर कामाच्या निम्मे पैसे केंद्राचे, उरलेले राज्याचे आणि आपले. त्या योजनेतच हिशेबाबाहेर जाणारं पाणी 20 टक्क्यांच्या आत आणा असं सांगितलंय. म्हणजे मोजमाप सरकारलाही हवंच आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला पाण्यासाठीचा वाटा वेगळा बांधलेला होता. त्यातून काय झालं ते सभेत वाचून दाखवा, कुरकुर करणारे निम्मे तिथेच गप्प होतील. मीटर लावणं हे अप्रिय काम आहे, पहिल्याच वर्षी करा, निवडणुकीच्या वर्षी कुणी हात लावणार नाही.

विकासाचंही थोडं बोलतो, कारण फलकावर दोन्ही एकाखाली एक आहे आणि क्रम मला घाबरवतो. मेन रोड काँक्रीटचा होणार म्हणता. त्याच्या पोटात 40 वर्षांपूर्वीची लाइन आहे. आधी काँक्रीट झालं तर वर्षभरात ते फोडावं लागेल, नाहीतर लाइन तशीच कुजत राहील. डांबरी रस्त्यांच्या बाबतीत हे दोनदा झालंय, दोन्ही वेळा भूमिपूजनाचे पेढे मी खाल्लेत. आधी पाइप, प्रत्येक घराची जोडणी रस्त्याच्या कडेला काढून ठेवलेली, मग रस्ता. ठेकेदार दोन वेगळे, खाती दोन वेगळी, तरी नगराध्यक्षा एकच आहेत.

दुसरं म्हणजे गावाबाहेरचे प्लॉट. बायपासकडे शेतं मोडून लेआऊट पडतायत. प्रत्येक बोर्डावर लाइट, रस्ता आणि नळाची सोय लिहिलेली. ती सोय कशी होते ते मला चांगलं माहीत आहे: जुन्या कॉलनीतल्या चार इंची लाइनला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मारून दुसरी चार इंची लाइन काढतात. तो टी माझ्याच दुकानातून जातो. तेव्हापासून जुन्या कॉलनीतल्या दोन गल्ल्यांना पाणी चढत नाही आणि त्यांना पंपही मीच देतो. नव्या लेआऊटला मंजुरी देताना कोणत्या टाकीवरून किती पाणी देणार हे कागदावर लिहून घ्या. टाकीत तेवढं नसेल तर मंजुरी थांबवा. बिल्डर रागावतील. त्यातले तीन माझे उधारीवाले आहेत, तरी लिहितोय.

बाग करा, जरूर करा. तिला बोअरचं पाणी देऊ नका, तेवढं बघा. त्या भागात हजार फुटांखाली धूळ निघते.

पहिल्या सर्वसाधारण सभेत तुम्ही पाणीपुरवठा विभागाला एवढंच विचारा की काल किती लिटर पाणी आलं. उत्तर तासांत आलं तर बैठक तिथेच थांबवा.

शेवटी माझ्या स्वार्थाचा प्रश्न. उन्हाळ्याचा माल मला फेब्रुवारीअखेर मागवावा लागतो. कंपनीचा माणूस येऊन गेलाय, 60 पंपांवर जादा सूट देतो म्हणाला. गोदामात मागच्या वर्षीचे 19 पडलेत. स्टँडमागच्या टाकीचं काम यंदा धरणार असाल तर निरोप पाठवा, त्याला नको म्हणून सांगतो. नाही धरणार असाल तरी कळवा, मग 60 कमी पडतील.

आपला,
बाजारपेठेतला एक पाइप-फिटिंगवाला